हुकूम म्हणजे इस्पिक नव्हे : सांगलीत मिळणाऱ्या मराठी पत्त्यांच्या संचाविषयी

सांगलीच्या मारुती रोडवर खेळण्यांच्या आणि स्टेशनरीच्या एका जुन्या दुकानात देवनागरी अक्षरे छापलेला पत्त्यांचा कॅट विक्रीस ठेवलेला आहे. जाड पुठ्ठ्याच्या सरकत्या खोक्यात बावन्न पाने, दोन जोकर आणि मराठीतली आठ पानी नियमपुस्तिका असा हा संच असून त्याची किंमत १८० रुपये आहे. साध्या कॅटच्या मानाने ही किंमत जास्त वाटते, परंतु पाने हातात घेतल्यावर ती पटते. हा संच घरात असावा असेच माझे मत आहे. मात्र पुस्तिकेत एका शब्दाचा घोटाळा असा झाला आहे की, नव्याने शिकणाऱ्या मुलांचा संपूर्ण खेळच त्यामुळे चुकतो. तो शब्द आहे ‘हुकूम’, म्हणजे त्या डावात इतर तिन्ही प्रकारांवर चालणारा प्रकार. पत्ते खेळणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी असलेला हा शब्द पुस्तिका तयार करणाऱ्यांनी तपासून घेतला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी पानांविषयी. ती प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कागदाची आहेत. पूर्ण प्लॅस्टिकची पाने पावसाळ्यात फुगत नाहीत हे खरे, पण ती पिसताना निसटतात आणि वाटताना दोन-दोन एकदम जातात, त्यामुळे लहान हातांना ती जड जातात. या संचातील पाने तशी निसटत नाहीत. कृष्णाकाठच्या घरांतून श्रावण-भाद्रपदात जी ओल असते तिच्यात साधे पत्ते एकमेकांना चिकटतात, कडा भुसभुशीत होतात आणि कोपऱ्यावर दुमडलेले पान पाठीवरूनही ओळखू येऊ लागते. गौरीच्या जागरणाला रात्रभर पिसला गेलेला हा कॅट सकाळी पुन्हा खोक्यात नीट बसला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पानांची रुंदी नेहमीची, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर आहे. त्यामुळे मेंढीकोटाची तेरा पाने एका हातात पसरून धरता येतात. पाठीवरची नक्षी वरून आणि खालून सारखीच असल्याने उलट आलेले पान वेगळे दिसत नाही.

कोपऱ्यातील अक्षरांसाठी मात्र खास कौतुक करायला हवे. एक्क्याला ‘ए’, गुलामाला ‘गु’, राणीला ‘रा’ आणि राजाला ‘बा’ असे छापले आहे. राजा आणि राणी ही दोन्ही नावे ‘रा’नेच सुरू होत असल्याने राजासाठी ‘बादशहा’ हे नाव घेतले आहे, आणि ते नाव आपल्याकडे पूर्वीपासून रूढ असल्यामुळे कुणालाही अडखळायला होत नाही. इंग्रजी पत्त्यांनाही नेमकी हीच अडचण आली होती. तिकडे गुलामाला ‘नेव्ह’ म्हणत आणि त्या शब्दाची पहिली दोन अक्षरे ‘के’ आणि ‘एन’ असल्याने कोपऱ्यात किंग आणि नेव्ह यांची गल्लत होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोपऱ्यात अक्षरे छापण्याची पद्धत रुळली तेव्हा ‘नेव्ह’ मागे पडून बोलीतला ‘जॅक’ पानावर येऊन बसला. एवढ्या छोट्या जागेचा विचार ज्यांनी इतक्या बारकाईने केला त्यांच्याकडून पुस्तिकेबाबतही तशीच अपेक्षा करणे गैर नाही.

आता पुस्तिकेकडे वळू. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, तीनशे चार आणि रमी असे पाच खेळ तीत दिले आहेत. पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ असून त्यात तीस पाने लागतात. प्रत्येक प्रकारातील अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सात पाने मिळून अठ्ठावीस होतात आणि त्यांत इस्पिकची व बदामची अशा दोन सत्त्या मिसळायच्या असतात. ही साधी गोष्ट पुस्तिकेच्या चौथ्या पानावर अशी छापली आहे : ‘हुकूम व पान यांची सत्ती घ्यावी.’ मराठी वाचकाला या वाक्यातून काहीही बोध होत नाही. हुकूम अजून कुणी बोललेलाच नाही, मग त्याची सत्ती कुठून घ्यायची? आणि ‘पान’ म्हणजे तर बावन्नांपैकी कोणतेही पान.

उलगडा होतो तो हिंदीतली नावे आठवल्यावर. हिंदीत पत्त्यांच्या चार प्रकारांना हुकुम, पान, ईंट आणि चिडी म्हणतात. आपले इस्पिक म्हणजे त्यांचे हुकुम, आपला बदाम म्हणजे त्यांचे पान, चौकट म्हणजे ईंट आणि किलवर म्हणजे चिडी. मूळ मजकूर हिंदीत लिहून तो घाईने मराठीत आणताना ईंट आणि चिडी हे शब्द मराठीत अनोळखी असल्याने बदलले गेले, हुकूम आणि पान हे शब्द मात्र मराठीतही असल्याने तसेच राहिले. अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा शब्द अधिक फसवतो, तो असा. पुढे मेंढीकोटाच्या नियमांत तर ‘ज्याच्याकडे हुकूमचे पान असेल तो दुसऱ्याचा हात कापू शकतो’ असे वाक्य आहे. एका पानावर हुकूम म्हणजे इस्पिक असे समजून बसलेल्या मुलाने दुसऱ्या पानावर हे वाचल्यावर तो काय अर्थ घेणार, हे सांगायला नकोच.

आमच्याच गल्लीत हे प्रत्यक्ष घडले. जागरणाच्या रात्री चार मुले पुस्तिका उघडून मेंढीकोट खेळायला बसली होती. हुकूम बदाम ठरला असतानाही त्यांतील एक मुलगा इस्पिकच्या पंजीने चौकटचा एक्का कापून दश्शी उचलू लागला. शेजारच्या आजींनी ‘आरं, हुकूम बदाम हाय न्हवं?’ असे म्हणताच त्याने चौथे पान काढून त्यांच्यापुढे धरले आणि ‘आज्जी, पुस्तकात तसंच छापलंय’ असे ठामपणे सांगितले. छापलेल्या शब्दापुढे आजींच्या साऱ्या आयुष्याचा खेळ क्षणभर खोटा ठरला. मुलाचा यात काही दोष नव्हता, त्याने वाचलेले तंतोतंत पाळले होते.

या शब्दाचे महत्त्व कळण्यासाठी तो ज्या कल्पनेचे नाव आहे ती कल्पना कुठून आली हे पाहायला हवे. चार प्रकारांतील एका प्रकाराला इतर तिन्हींवर अधिकार देणे, म्हणजे त्या प्रकारातील दुर्रीनेसुद्धा दुसऱ्या प्रकारातील एक्का मारता येणे, ही पत्त्यांइतकी जुनी कल्पना नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहिला तर त्यात दहा प्रकारांची एकशे वीस गोल पाने असूनही असा सर्वांवर चालणारा प्रकार नसतो. युरोपात या कल्पनेचे पहिले धागे पंधराव्या शतकात दिसतात. जर्मन प्रदेशातील ‘कार्नोफेल’ या खेळाचा उल्लेख १४२६ सालचा आहे आणि त्यात एका प्रकारातील काही पानांना असा विशेष मान असे. उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास नेहमीच्या पानांत चित्रांची बावीस जादा पाने घालून खेळायचे पत्ते निघाले. ही चित्रपाने इतर पानांना मारत असत आणि त्यांना ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजय, असे नाव होते. रोमन सेनापती युद्ध जिंकून परतल्यावर निघणाऱ्या मिरवणुकीला लॅटिनमध्ये ‘त्रिउम्फुस’ म्हणत, त्याच शब्दाचे हे इटालियन रूप होय. पुढे वेगळी चित्रपाने न घालता साध्याच पानांतील एका प्रकाराला तो मान देण्याची पद्धत आली आणि नावही त्या प्रकाराकडे गेले.

तिथून हा शब्द युरोपभर पसरला. जर्मनमध्ये तो ‘ट्रुम्फ’ झाला, डचमध्ये ‘ट्रूफ’, स्पॅनिशमध्ये ‘त्रिउन्फो’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘त्रुन्फो’. इंग्लंडमध्ये ह्यू लॅटिमर यांनी १५२९ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या प्रवचनांत धर्मोपदेशासाठी ‘ट्रायम्फ’ या पत्त्यांच्या खेळाचाच दाखला घेतला होता. हाच ट्रायम्फ बोलण्यात झिजून ‘ट्रम्प’ झाला. फ्रेंचांनी मात्र आपला वेगळा शब्द रूढ केला. ते ‘आतू’ म्हणतात आणि त्याची फोड ‘सर्वांवर’ अशी होते. विजयाचा उल्लेख न करता ते पान कुठे चालते एवढेच हा शब्द सांगतो, आणि नियम शिकवण्याच्या दृष्टीने तो मला ट्रम्पपेक्षा सरस वाटतो. तुर्कीत या पानाला ‘कोझ’ आणि रशियनमध्ये ‘कोझिर’ म्हणतात. सगळ्यांत दूरचा प्रवास जपानात झाला. तिकडे ‘तोराम्पु’ म्हणजे हुकमाचे पान नव्हे, तर पत्त्यांचा सगळा कॅटच.

भारतात या कल्पनेला दोन नावे मिळाली आणि त्यांची वाटणी मोठी लक्षणीय आहे. हिंदीत ‘तुरुप’, बंगालीत ‘तुरुप’, तेलुगूत ‘तुरुपु’, तमिळमध्ये ‘तुरुप्पु’, मलयाळममध्ये ‘तुरुप्पु’ आणि आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही ‘तुरुपु’. ही सगळी रूपे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गाने आली आणि डच ‘ट्रूफ’शी त्यांचे नाते सांगितले जाते. बंगालीतील हरतन आणि रुइतन ही बदाम व चौकट यांची नावे तर डच ‘हार्टेन’ आणि ‘रौटेन’ यांवरूनच आली आहेत. डच भाषेत किलवरला ‘क्लावर’ म्हणतात, त्याचा अर्थ तीन पानांचे एक गवत असा होतो. कन्नडमधला ‘कळावर’ आणि आपला ‘किलवर’ शेजारी ठेवून पाहिले की हे नाते कानाला लगेच जाणवते. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, हेही इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठीने मात्र किलवर घेतला, पण तुरुप घेतला नाही. आपण आणि गुजराती लोक ‘हुकूम’ म्हणतो, आणि या शब्दाचे सोयरे शोधायला पश्चिमेकडे इराणपर्यंत जावे लागते. इराणात पत्त्यांचा अतिशय लोकप्रिय खेळ आहे, त्याचे नावच ‘होक्म’. चार भिडू, दोन जोड्या, बावन्न पाने आणि प्रत्येकाला तेरा. ज्याला हुकूम ठरवण्याचा मान मिळतो त्याला ‘हाकेम’ म्हणजे शासक म्हणतात, आणि त्याने आपली पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलायचा असतो. आपल्या पाच-तीन-दोनमध्येही ज्याला पाच हात करायचे असतात तो पहिली पाच पाने पाहूनच हुकूम बोलतो. सौदी अरेबियात खेळल्या जाणाऱ्या ‘बलूत’ या खेळातही ज्या डावात असा वरचढ प्रकार ठरतो त्या डावाला ‘हुक्म’च म्हणतात. सांगलीच्या पारावर ‘हुकूम काय हाय?’ असे विचारणारा माणूस आणि तेहरानच्या घरात होक्म खेळणारे कुटुंब एकाच शब्दाने एकच गोष्ट दाखवतात, याचा मला फार आनंद वाटतो.

मूळ अरबी धातूत आज्ञा, न्याय आणि शहाणपण हे तिन्ही अर्थ आहेत. त्याच मुळापासून निघालेले हाकीम, हुकूमत, हकीम आणि हिकमत हे शब्द मराठीत आले. हुकूम तर आपल्या कारभारात इतका मुरला की आजही दिवाणी न्यायालयात ‘मनाई हुकूम’ मिळतो आणि दाव्याच्या शेवटी ‘हुकूमनामा’ होतो. एकहाती सत्ता चालवणाऱ्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा मराठीने ‘हुकूमशहा’ हाच शब्द योजला. या सर्व शब्दांत एक समान गोष्ट आहे : हुकूम देणारा कुणीतरी असतो आणि तो दिल्यापासूनच लागू होतो. पत्त्यांतही नेमके हेच घडते. डाव सुरू होण्याआधी कोणताही प्रकार थोर नसतो. भिडूने बोलल्यावर, लपवून ठेवलेले पान उलटल्यावर किंवा एखाद्याचा प्रकार संपून त्याने दुसरे पान टाकल्यावरच त्या प्रकाराला अधिकार मिळतो, आणि डाव संपताच तो अधिकार जातो. मेंढीकोटात आपण ‘बंद हुकूम’ आणि ‘कट हुकूम’ असे जे भेद करतो ते हुकूम कधी आणि कसा लागू होतो याचेच भेद आहेत. ट्रम्प या शब्दात जिंकण्याचा गाजावाजा आहे, आतूमध्ये पानाची सत्ता कुठवर पोहोचते ते आहे, पण ती सत्ता त्याला दिली कुणी हे फक्त हुकूम सांगतो. म्हणून हा शब्द नियमपुस्तिकेत नीट वापरला तर निम्मा खेळ तो आपणच शिकवतो, आणि ‘हुकूम म्हणजे इस्पिक’ असे एकदा डोक्यात बसले की त्याचा हा अर्थच नाहीसा होतो.

हिंदी वापर चुकीचा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. हिंदीत ‘हुकुम का इक्का’ म्हटले की इस्पिकचा एक्का समजायचा हे तिथे सर्वांना ठाऊक असते. शिवाय मोबाइलवर मुले जो कॉलब्रेक खेळतात त्यात इस्पिक हाच कायमचा हुकूम असतो, त्यामुळे त्या खेळापुरते दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊन बसतात आणि गोंधळ आणखी पक्का होतो. मराठीत मात्र ‘हुकमाचा एक्का’ म्हणजे त्या डावात जो प्रकार हुकूम असेल त्याचा एक्का. निवडणुकीच्या किंवा क्रिकेटच्या बातम्यांत आपण एखाद्याला ‘हुकमी एक्का’ म्हणतो तेव्हाही ऐन वेळी काढायचे, सर्वांवर चालणारे पान हाच अर्थ मनात असतो, काळ्या रंगाचे विशिष्ट पान नव्हे.

पुस्तिकेतील बाकीची भाषा या मानाने बरीच चांगली आहे. ‘उतारी’, ‘भिडू’, ‘हात’, ‘पिसणे’, ‘काटणे’ हे शब्द जसे आपण बोलतो तसेच वापरले आहेत, आणि ‘कोट लागणे’ म्हणजे काय हे एका वाक्यात स्वच्छ समजावले आहे. मेंढीकोटात दोन-दोन दश्श्या झाल्यास ज्या जोडीचे सात किंवा अधिक हात झाले ती जिंकते, हा पुष्कळ घरांत भांडण लावणारा नियमही स्पष्ट दिला आहे. तीनशे चारच्या पानावर गुणांचा तक्ता अचूक आहे : गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन आणि राणीचे दोन, असे एका प्रकाराचे शहात्तर आणि चारही प्रकारांचे मिळून तीनशे चार. गुलाम राजाच्याही वर कसा, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर पुस्तिकेत नाही, परंतु नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये खेळल्या जाणाऱ्या यास कुळातील खेळांतही हुकमाचा गुलाम आणि नव्वी हीच सर्वांत वरची पाने असतात, एवढे तिथे नमूद केले असते तर मुलांना ते आवडले असते. रमीचे पान जेमतेम आहे आणि बदाम सातला फारसे सांगण्यासारखे नसतेच.

दुकानाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. दुकानदार काका खोके उघडून पाने दाखवतात, हवे तर पिसूनही पाहू देतात. चौथ्या पानावरील चूक दाखवल्यावर त्यांनी ती शांतपणे वाचली, ‘हे आमच्या लक्षात आलं नव्हतं बघा’ असे म्हणून वहीत टिपून घेतली आणि माल पुरवणाऱ्याला कळवण्याचे आश्वासन दिले. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात ते एक हाताने लिहिलेली चिठ्ठी घालतात. तिच्यावर ‘पान ४ : हुकूम ऐवजी इस्पिक आणि पान ऐवजी बदाम वाचावे’ असा मजकूर असतो. मोठ्या शहरातील दुकानांतून इतकी तसदी कुणी घेत असेल असे मला वाटत नाही. चिठ्ठी मेंढीकोटाच्या नियमांपर्यंत मात्र पोहोचलेली नाही. सहाव्या पानावर जिथे ‘हुकूमचे पान’ असे छापले आहे तिथे ‘हुकमाचे पान’ असे दुरुस्त करून त्यापुढे ‘म्हणजे या डावात जो प्रकार हुकूम ठरला असेल त्याचे कोणतेही पान’ एवढे पेनाने लिहावे, म्हणजे काम होईल.

लहान मुले असलेल्या घरांनी, तसेच ज्यांच्याकडे गौरी-गणपतीला पाहुणे येऊन पत्त्यांचा डाव बसतो त्यांनी हा संच जरूर घ्यावा. जे केवळ ब्रिज खेळतात त्यांना देवनागरी अक्षरांची सवय व्हायला थोडा वेळ लागेल, कारण त्यांची सारी बोली इंग्रजीत चालते, त्यांनी साधा कॅटच घ्यावा. खोके घेताना चिठ्ठी आत आहे ना हे पाहून घ्यावे, आणि नसेल तर काकांकडे मागावी. दुकान सोमवारी बंद असते.